विनापासिंग ई-स्कूटी घेताना काय तपासायचं

‘पासिंग नको, लायसन नको, घरचं पोट्टंही चालवते’ असं सांगून तालुक्याच्या दुकानात ई-स्कूटी खपवतात. सूट खरी आहे, पण अटींवर: मोटर २५० वॉटच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत, आणि तसं चाचणी संस्थेचं प्रमाणपत्र. एक अट मोडली की ती कायद्यानं मोटार वाहनच, म्हणजे पासिंग, लायसन, विमा सगळं आलं.

आधी प्रमाणपत्राची झेरॉक्स मागा. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेचं असतं. त्यावरचं मॉडेल गाडीवरच्या कंपनीच्या प्लेटशी जुळवा. बिलावर चेसिस नंबर हवाच.

आता खरी मेख. बऱ्याच गाड्यांत कंट्रोलरपाशी (मोटरला वीज सोडणारा डबा), सीटखाली किंवा पायदानाखाली, वेग बांधणाऱ्या वायरचा छोटा प्लग असतो. तो जोडलेला असला की गाडी पंचविसावर थांबते. काढला की चाळीसवर जाते. ‘मायलेजसाठी थोडी मोकळी केली’ असं दुकानदार हसत सांगतो. वायरच्या रंगावरून काही ओळखू नका, प्रत्येक कंट्रोलरचा रंग वेगळा. गाडी चालवूनच बघा.

स्टँडवर चाक फिरवून वेग मोजायचा सल्ला सोडून द्या. वजन नसलं की चाक जास्तच फिरते. बॅटरी पूर्ण चार्ज करा, कारण व्होल्टेज उतरलं की वेगही उतरतो. सपाट डांबरी रस्त्यावर पूर्ण रेस देऊन तीन-चारशे मीटर जा, तसंच परत या, म्हणजे वाऱ्याचा फरक कळेल. वेग मोबाईलच्या जीपीएसवर बघा, गाडीच्या मीटरवर नाही. वेगाचं एक-दोन-तीन असं बटण असेल तर तिन्हीवर बघा. एक-दोन किलोमीटर इकडंतिकडं जीपीएसचं समजा. तीस दिसले तर गाडी घेऊ नका.

कारण पकडलं तर विनालायसन ५,००० रुपये, विनाविमा २,०००, वर गाडीत फेरफार केल्याचा दंड वेगळा. अशी गाडी अल्पवयीन पोरानं चालवली तर पालकाला २५,००० दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. अपघातात कोणी दगावलं तर विमा नसल्यानं भरपाई वावर विकून द्यावी लागेल, हे दुकानदार सांगत नाही.

पायडलवाली ई-सायकल असेल तर पाय थांबले की मोटर बंद पडली पाहिजे. पुढं पांढरा, मागं लाल रिफ्लेक्टर लावा.

चाळीसची गाडीच हवी असेल तर सरळ पासिंगची घ्या: हिरवी नंबर प्लेट, लायसन, विमा, हेल्मेट. समृद्धीवर मात्र तीही चालत नाही, तिथं दुचाकीला बंदीच आहे.