मेंदूतील न्यूरोपेप्टाइड रिसेप्टर एकमेकांशी जोडलेले आहेत, असे लिहिण्यापूर्वी या चुका टाळा

न्यूरोपेप्टाइड, म्हणजे चेतापेशी संदेशासाठी सोडतात ते प्रथिनांसारखे लहान रेणू, टिपणाऱ्या पेशीवरील प्रथिनांना रिसेप्टर म्हणतात. दोन रिसेप्टर शोधण्यासाठी हिरव्या आणि लाल रंगाचे दोन प्रतिपिंड (ठरावीक प्रथिनाला चिकटणारी प्रथिने) वापरून काढलेल्या चित्रात पिवळा ठिपका दिसला, की नवखा संशोधक ‘हे दोन रिसेप्टर परस्परांना जोडले जातात’ असे लिहून मोकळा होतो. साध्या प्रकाश-सूक्ष्मदर्शकाला सुमारे २०० नॅनोमीटरपेक्षा जवळच्या दोन वस्तू वेगळ्या दिसत नाहीत आणि रिसेप्टराची रुंदी तर काही नॅनोमीटरच असते. त्यामुळे त्या एकाच ठिपक्यात दोघांच्या मध्ये आणखी कितीतरी प्रथिने बसू शकतात.

या चुकीविषयी मी पोटतिडकीने लिहितो, कारण ती मी स्वतः केली आहे. गॅलॅनिन या न्यूरोपेप्टाइडच्या दुसऱ्या प्रकारच्या रिसेप्टरावर काम करताना मी आठ महिने सुंदर पिवळी चित्रे जमवली. मग एका सहकाऱ्याने, ज्या उंदरांतून त्या रिसेप्टराचे जनुकच काढून टाकले होते त्यांच्या मेंदूचे काप त्याच प्रतिपिंडाने रंगवले, आणि चित्र हुबेहूब तसेच आले; म्हणजे प्रतिपिंड भलत्याच कशाला तरी चिकटत होता. गॅलॅनिन रिसेप्टरांचे काही प्रतिपिंड नॉकआउट, म्हणजे जनुक काढलेल्या, उंदरांतही तसेच रंग दाखवतात, हे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले होते. घाईत मी ते वाचले नव्हते. तेव्हापासून नॉकआउट काप रंगवल्याशिवाय मी कोणत्याही प्रतिपिंडावर विश्वास ठेवत नाही. एमआरएनए (प्रथिन घडवण्यासाठी बनणारी जनुकाची प्रत) शोधणे हा पर्याय चांगला असला, तरी एमआरएनए मुख्यतः पेशीच्या मुख्य भागात सापडतो आणि रिसेप्टर मात्र तेथून दूर, अक्षतंतूच्या, म्हणजे चेतापेशीच्या लांब धाग्याच्या, टोकाशी असू शकतो.

दुसरी चूक अधिक सूक्ष्म आहे. एका रिसेप्टराला चेतवल्यावर दुसऱ्याचा प्रतिसाद बदलला, एवढ्यावरून ते एकमेकांना भिडले असे ठरत नाही, कारण पहिल्याने कार्यान्वित केलेले प्रोटीन कायनेज-सी हे विकर दुसऱ्यावर फॉस्फेट चढवून त्याला दुरूनच मंद करू शकते. मग लोक बीआरईटीकडे वळतात; तीत एका प्रथिनावरील प्रकाशाची ऊर्जा शेजारच्या प्रथिनावरील रंगद्रव्याकडे जाते का, हे पाहतात. पण ही पद्धत साधारण १० नॅनोमीटरच्या आतील सान्निध्य दाखवते, आणि एचईके-२९३ या प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींच्या पटलात रिसेप्टर कोंबून भरले, तर योगायोगाने शेजारी आलेली प्रथिनेही संकेत देतात. संपृक्तता वक्र (एका रिसेप्टराचे प्रमाण वाढवत नेल्यावर संकेत स्थिरावतो का, हे दाखवणारा आलेख) न काढता दिलेला बीआरईटीच्या आलेखातील एकच स्तंभ मी पुराव्यात धरत नाही.

तिसरी चूक मात्रेची. ऑक्सिटोसिन आणि व्हॅसोप्रेसिन या न्यूरोपेप्टाइडांच्या ९ अमिनो आम्लांपैकी केवळ २ वेगळी आहेत, म्हणून जास्त मात्रेचे ऑक्सिटोसिन व्हॅसोप्रेसिनच्या व्ही-१-ए रिसेप्टरालाही चेतवते; मात्रा आधी कमी करावी, सिद्धान्त नंतर मांडावा.

चौथी चूक लेबलावर विसंबण्याची. एम-४० हे संयुग गॅलॅनिनचे विरोधक, म्हणजे त्याचे रिसेप्टर रोखणारे, म्हणून विकले जाते, परंतु काही पेशींत ते स्वतःच अंशतः चेतक ठरते.

शेवटची चूक क्षुल्लक वाटते. नॅनोमोलर, म्हणजे अत्यंत विरळ, द्रावणातील पेप्टाइड प्लॅस्टिकच्या नळीला चिकटते, म्हणून मी त्यात थोडे अल्ब्युमिन हे प्रथिन घालतो आणि पेप्टाइडाचे लहान लहान भाग करून गोठवतो, म्हणजे तेच द्रावण पुन्हा पुन्हा वितळवावे लागत नाही. ‘रिसेप्टर निष्प्रभ झाला’ म्हणून माझ्यापुढे आलेल्या कित्येक निष्कर्षांत पेप्टाइड नळीच्या भिंतीलाच चिकटून बसलेले होते.