वेगळा डॅक घ्यावा का? आधी घरीच तपासून पाहा

गेल्या चवथीला म्हार्दोळला मामीकडे गेलो, तेव्हा टीव्हीवर घुमट आरतीचे, म्हणजे घुमट या मातीच्या वाद्याच्या तालावर गायलेल्या आरतीचे, रेकॉर्डिंग लावले होते. टीव्हीच्या हेडफोन जॅकमधून वायर निघून मामांच्या जुन्या अँप्लिफायरला जोडलेली, आणि आरतीच्या मागे सतत एक घूंऽऽ असा आवाज. दुकानदाराने मामींना पंधरा हजारांचा डॅक सुचवला होता. मामींनी मला विचारले, "घेऊं का रे? आवाज खरोखर सुधारतो?" तेव्हा त्यांच्याकडे बसून जे तपासले, तेच इथे क्रमाने लिहितो.

डॅक म्हणजे डिजिटल-टू-अॅनालॉग कन्व्हर्टर. फाइलमधल्या आकड्यांचे विजेच्या लहरींत रूपांतर करणारा हा भाग तुमच्या टीव्हीत, फोनमध्ये, लॅपटॉपमध्ये, ब्लूटूथ स्पीकरमध्ये आधीपासूनच असतो. म्हणून खरा प्रश्न असा, की आत आहे त्याच्यात काही खोट आहे का? सीडीचा 16 बिट, 44.1 किलोहर्ट्झचा आवाज नीट वाजवणे आज स्वस्त चिपलाही सहज जमते. खोट बहुतेक वेळा चिपच्या आजूबाजूला असते.

आधी साखळी कागदावर काढा

आवाज कुठून निघतो, कुठल्या वायरने कुठे जातो, ते लिहा. ब्लूटूथ स्पीकर किंवा साउंडबार असेल तर इथेच थांबा, रूपांतर त्याच्या पोटातच होते. एव्ही रिसीव्हर (होम थिएटरचा अँप्लिफायर) असेल तरी बाहेरचा डॅक बहुधा वाया जातो, कारण असे रिसीव्हर आत आलेला अॅनालॉग आवाज बऱ्याचदा पुन्हा डिजिटल करतात. उरला तो जुना स्टिरिओ अँप्लिफायर, ज्याला फक्त लाल-पांढऱ्या आरसीए पिना आहेत. डॅकचा विचार करायचा तो मुख्यतः इथे.

मग पिना पुसा

आपल्याकडच्या पावसात पिनांवर हिरवट-काळा थर चढतोच. सगळी उपकरणे बंद करा, प्लग काढा, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाने पिना पुसा, आणि सुकल्यावर सॉकेटमध्ये दोन-तीनदा फिरवून बसवा. एका बाजूचा आवाज जाणे, खरखर येणे, या तक्रारी पुष्कळदा एवढ्यानेच मिटतात. स्पीकरच्या शंकूसारख्या पडद्याभोवतीचा फोमही बोटाने हलके दाबून बघा. दमट हवेत तो कुजतो आणि तुकडे पडू लागतात. तसे झाले असेल तर पैसे डॅकवर न घालता फोम बदलून घेण्यावर घाला.

घूं आवाजाचा माग काढा

मामींकडे मी सेट-टॉप बॉक्सची केबल काढली आणि घूं आवाज तत्क्षणी थांबला. याला ग्राउंड लूप म्हणतात. केबलचे आणि अँप्लिफायरचे अर्थिंग दोन वेगवेगळ्या वाटांनी जोडले जाते, आणि 50 हर्ट्झची वीज आवाजाच्या वायरीतून फिरू लागते. हा आवाज घालवण्यासाठी काहीजण त्रिपिन प्लगची अर्थिंगची पिन काढतात. ते जिवावर बेतू शकते, कधीही करू नका.

टीव्हीला मागे ऑप्टिकल आउटपुट होते. दीड हजाराच्या आसपास मिळणारा साधा ऑप्टिकल डॅक आणून जोडला. ऑप्टिकल केबलमधून फक्त प्रकाश जातो, त्यामुळे टीव्ही आणि अँप्लिफायर यांच्यात विजेचा दुवाच राहिला नाही. आरतीमागची घूंघूं गेली. इथे डॅकचा फायदा शंभर टक्के झाला, पण तो विजेची वाट तुटल्यामुळे. पंधरा हजारांच्या डॅकनेही याहून वेगळे काही केले नसते.

लॅपटॉपचा माउस हलवला की स्पीकरमध्ये चिरचिर येत असेल, तर तिथेही बाहेरचा डॅक बहुधा उपयोगी पडतो. जॅक नसलेल्या फोनला लागणारे छोटे यूएसबी-सी डोंगल हाही अनेकदा डॅकच असतो, आणि त्यातले चांगले डोंगल बैठकीच्या खोलीतल्या सिस्टिमलाही पुरतात.

आता खरी परीक्षा

दोष काहीच नाही, तरी "डॅकने स्वर अधिक मोकळे लागतील का" असे वाटत असेल, तर मित्राचा डॅक दोन दिवस मागून आणा. कपाटातला जुना डीव्हीडी प्लेअर काढा. त्याला आरसीए (अॅनालॉग) आणि कोअॅक्सियल (आकडे तसेच बाहेर देणारे डिजिटल) अशी दोन्ही आउटपुट बहुधा असतात. आरसीए थेट अँप्लिफायरच्या एका इनपुटला लावा, कोअॅक्सियल डॅकमधून दुसऱ्या इनपुटला. डॅकला कोअॅक्सियल इनपुट आहे ना, एवढे आधी बघा. एकच सीडी दोन्ही वाटांनी एकाच वेळी वाजेल, फक्त सिलेक्टर फिरवायचा.

पुढची पायरी बहुतेकजण गाळतात आणि इथेच फसतात. दोन्हींचा आवाज अगदी सारखा करावा लागतो. किंचित मोठा आवाज कानाला मोठा वाटत नाही, तो चांगला वाटतो. माझ्या घरी नव्या डॅकवर तानपुरा अधिक भरीव लागतोय असे मी महिनाभर मानत होतो. मोजले तेव्हा डॅकचे आउटपुट जास्त व्होल्टचे निघाले. पातळी जुळवल्यावर तो फरक उरला नाही.

जुळवण्यासाठी 100 हर्ट्झचा एकसारखा टोन सीडीवर घ्या. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून स्पीकरच्या टर्मिनलवर मोजा, दोन टर्मिनल एकमेकांना टेकू देऊ नका. एका वाटेने 1.00 व्होल्ट येत असेल तर दुसरीनेही व्हॉल्यूम फिरवून 1.00 आणा. 1.01 चालेल, 1.10 नाही. नॉबच्या दोन्ही जागा टेपने खूण करून ठेवा.

मग तुम्ही पाठमोरे बसा. घरातल्या कुणीतरी नाणे उडवून इनपुट ठरवायचे, नॉब खुणेवर आणायचा, आणि तुम्ही "डॅक" की "थेट" ते सांगायचे. दहा वेळा करा, उत्तरे लिहून ठेवा. पाच-सहा बरोबर आली तर तो अंदाज. नऊ किंवा अधिक आली तर फरक खरा माना, नुसत्या अंदाजाने असे घडण्याची शक्यता शंभरात साधारण 1 असते. मग खुशाल डॅक घ्या.

परीक्षेसाठी ओळखीचा आणि स्वच्छ आवाज निवडा. केसरबाई केरकरांच्या जुन्या तबकड्यांवरून घेतलेले गाणे जिवापाड आवडत असले तरी इथे नको. 78 आरपीएमच्या तबकडीची खरखर रेकॉर्डिंगमध्येच आहे, कुठलाही डॅक ती काढू शकत नाही. 128 केबीपीएसच्या, म्हणजे दाबून लहान केलेल्या, फाइलमधून गेलेला तपशीलही परत येत नाही.

खोलीकडे बघा

पातळी जुळवल्यावर फरक मिळाला नाही, तर वाचलेले पैसे खोलीत घाला. टाइल्सची जमीन, गुळगुळीत भिंती, अशा हॉलमध्ये एक टाळी वाजवा. मागे झणझण ऐकू आली तर जाड जाजम अंथरा, मोठे पडदे लावा. स्पीकर कोपऱ्यात असेल तर घुमटाचा घुमारा फुगून गाणाऱ्यांचे शब्द गिळतो. तो भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे आणा आणि तीच आरती पुन्हा लावा. मामींकडे डॅकनंतर आम्ही हेही केले, आणि मामींना शब्द पहिल्यांदा स्पष्ट ऐकू आले ते तेव्हा.

घ्यायचाच ठरला, तर तुमच्या टीव्हीला ऑप्टिकल आहे की कोअॅक्सियल ते बघून घ्या. टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट पीसीएमवर ठेवा, नाहीतर साध्या डॅकमधून कदाचित आवाजच येणार नाही. ऑप्टिकल केबलच्या टोकांवरच्या छोट्या टोप्या आधी काढायच्या असतात. आणि जूनच्या सुरुवातीला किंवा परतीच्या पावसात वीज कडाडू लागली, की डॅकचा अडॅप्टरसुद्धा प्लगमधून काढून ठेवा.