दहावीच्या वर्गाला सिजो शिकवताना

शिकागोच्या एका उपनगरातल्या सरकारी हायस्कूलमध्ये मी इंग्रजी शिकवते. कोरियन भाषा मला येत नाही, हंगुल लिपी तेवढी अडखळत वाचता येते. तरीही दर हिवाळ्यात दहावीच्या मुलांना मी चार तास सिजो, म्हणजे तीन ओळींची पारंपरिक कोरियन कविता, शिकवते. यंदा दोन मराठी शिक्षक मित्रांनी विचारलं, ‘आम्हीही घेऊन बघतोय, कुठून सुरुवात करू?’ म्हणून हे लिहायला बसले.

पहिल्या वर्षी काय केलं ते आधी सांगते, म्हणजे तुम्ही ते करणार नाही. फळ्यावर साचा लिहिला. तीन ओळी. प्रत्येक ओळीत चार तुकडे, साधारण ३-४-४-४ अक्षरांचे; तिसरी ओळ मात्र ३-५-४-३. एकूण ४५च्या आसपास. मुलं बोटं मोजायला लागली. ‘फायर’ शब्दात एक अक्षर धरायचं की दोन, यावर दहा मिनिटं भांडण. तासाच्या शेवटी सव्वीस कागद आले, मोजमापाला चोख आणि वाचायला निर्जीव. हायकू लांबवून लिहिल्यासारखे.

आता मी मोजणी दुसऱ्या दिवशी घेते, तीही वेगळ्या वाटेने. ह्वांग जिनी ही सोळाव्या शतकातली, कोरियातल्या केसोंग शहरातली गीसेंग, म्हणजे गाणं, वाद्य, काव्य यांत तयार झालेली कलावंतीण. (गीसेंग म्हणजे काय हे पोरांना सरळ सांगा. लपवलं की घरी जाऊन शोधतात आणि नको ते सापडतं.) तिचा सिजो मूळ हंगुलमध्ये पडद्यावर टाकते आणि म्हणते, ‘मोजा.’ वर्गात बहुतेकांना एक अक्षर वाचता येत नाही, पण मोजता येतं! हंगुलचा एक चौकोनी ठोकळा म्हणजे एक उच्चार, आपल्या देवनागरीतल्या अक्षरासारखाच. ‘सुंदर ते ध्यान उभे विटेवरी’ हे सहा-सहा मोजत वाढलेल्या आपल्याला यात नवल वाटत नाही. इंग्रजीवर वाढलेल्या मुलांना मात्र अक्षर डोळ्यांनी दिसतं याचीच गंमत वाटते. मग कोणीतरी ओरडतं, ‘मिस, हे ४७ भरतात! एका तुकड्यात पाचच्या जागी सात आहेत!’ याचीच मी वाट बघत असते. साचा सैल आहे. फक्त तिसऱ्या ओळीचा पहिला तुकडा तीनच अक्षरांचा, तिथे सहसा सूट नाही.

मग अर्थ. हिवाळ्यातल्या सर्वांत लांब रात्रीची कंबर ती मधोमध कापून घेते. वसंतवाऱ्याच्या पांघरुणाखाली तो तुकडा वेटोळी वेटोळी करून ठेवते. आणि सखा येईल त्या रात्री तो वळणावळणाने उलगडीन म्हणते. मूळात ‘सोरीसोरी’ आणि ‘गुबीगुबी’ असे जोडशब्द आहेत, एक गुंडाळण्याचा, दुसरा उलगडण्याचा. इंग्रजी अनुवादात ते हमखास गळतात. मी मुलांना आधी ते दोन शब्द नुसते मोठ्याने म्हणायला लावते, अर्थ नंतर.

पण सिजोचा खरा जीव तिसऱ्या ओळीत आहे. पहिली ओळ विषय मांडते, दुसरी वाढवते, तिसरी वळते आणि मिटते. मुलांना वळण म्हणजे विनोदाचा शेवट वाटतो. ‘आणि तो माझा कुत्रा होता’ छापाचे सिजो दरवर्षी चार-पाच येतात. यावर मला सापडलेला उपाय असा: मुलाने स्वतःच्या पहिल्या दोनच ओळी वाचायच्या, तिसरी वर्गाने ओळखायची. सगळ्यांनी ओळखली तर वळण नाही. ऐकल्यावरही कोणाला धागा लागला नाही, तर तेही वळण नव्हे, नुसती उडी.

गेल्या वर्षी एका मुलाने लिहिलं होतं: आजोबांच्या गॅरेजमध्ये नट आवळायचे पाने मापाप्रमाणे टांगलेले, प्रत्येकामागे भिंतीवर त्याचा आकार रंगवलेला. आम्ही सगळ्यांनी ‘आजोबा गेले’ असं ओळखलं. त्याची तिसरी ओळ होती, नवा मालक विचारतो, ही कसली चित्रं? वर्ग गप्प झाला. अक्षरं दोन कमी भरत होती. मी काही म्हटलं नाही.

तिसऱ्या तासाला भांडण ठेवा. १३९२ साली कोरियातलं कोर्यो घराण्याचं राज्य कोसळत असताना, ते उलथवणाऱ्या सेनापतीचा मुलगा ई बांग-वॉन याने मंत्री जोंग मोंग-जूला सिजोतून आपल्या बाजूला ओढू पाहिलं, असं परंपरा सांगते: मानसू डोंगरावरच्या वेली एकमेकींत गुंतल्या तर काय बिघडलं, आपणही तसेच गुंतून शंभर वर्षं जगू. जोंगचं उत्तर: हा देह शंभरदा मरो, हाडांची माती होवो, आत्मा उरो न उरो, धन्यावरची निष्ठा ढळायची नाही. दोन्ही कवितांवर वर्गाचा कौल घ्या, इतिहास न सांगता. माझ्या वर्गात दरवर्षी वेलीच जिंकतात. पोरांना जोंग हट्टी वाटतो. मग सांगायचं, की केसोंगच्या सोनजुक पुलावर बांग-वॉनच्या माणसांनी जोंगला मारलं, आणि बांग-वॉन पुढे राजा झाला. यानंतर पुन्हा कौल घ्या.

एक सावधगिरी. वर्गात कोरियन घरातलं मूल असेल तर सगळ्यांदेखत ‘तू वाचून दाखव’ म्हणू नका. एकदा मी तसं केलं, मुलगी लालबुंद झाली. तिला घरी बोलण्यापुरतीच भाषा येत होती. दिवाळी आली की मला ‘स्पीच दे’ म्हणणाऱ्यांवर मी स्वतः किती चिडते! तिची माफी मागितली. आठवड्याने तीच आजीच्या आवाजातली जोंगची कविता फोनवर घेऊन आली. आजीला ती शाळेपासून पाठ होती.

स्पर्धेला पाठवायचं तर शिकागोच्या सेजोंग कल्चरल सोसायटीची इंग्रजी सिजोची स्पर्धा आहे. शिक्षकांसाठी साहित्यही त्यांच्याकडे मिळतं. गुण मात्र अक्षरसंख्येवर देऊ नका.

शेवटच्या तासाला सिजो-छांग ऐकवा, म्हणजे गायलेला सिजो. जांगू ढोलाच्या ठेक्यावर तीन ओळींना काही मिनिटं लागतात. सुरुवातीला मागच्या बाकांवर हसू फुटतं, ते फुटू द्या. या गायकीत तिसऱ्या ओळीचा शेवटचा तुकडा गातच नाहीत. गाणं तिथेच थांबतं आणि कोणीतरी हमखास विचारतं, ‘मिस, रेकॉर्डिंग तुटलं का?’

तेव्हा मी त्यांचे कागद परत वाटते. स्वतःच्या सिजोची शेवटची तीन अक्षरं अंगठ्याखाली झाका, म्हणते, आणि वाचा.