बोजोले : गामे द्राक्षाची लाल वाइन कशी निवडावी आणि कशी चाखावी

लाल वाइन म्हणजे जड, गडद आणि तुरट, असा पुष्कळांचा पक्का समज असतो. तो दूर करायला फ्रान्सच्या बोजोले प्रदेशातील वाइनइतके चांगले निमित्त नाही, असे मला मनापासून वाटते. मात्र लेबलवरचे गावाचे नाव वाचून बाटली निवडली आणि ती थोडी गार करून घेतली, तरच तिची खरी चव कळते.

बोजोले हा प्रदेश लियाँ शहराच्या उत्तरेला आहे आणि तेथील लाल वाइन गामे या काळ्या सालीच्या, पण पांढऱ्या रसाच्या द्राक्षापासून होते. पिनो न्वार आणि गुए ब्लाँ या द्राक्षवाणांच्या संकरातून आलेले हे वाण १३९५ साली शेजारच्या बर्गंडी प्रांताचा ड्यूक (सरदार) फिलिप याने वाईट आणि दगाबाज ठरवून आपल्या मुलखातून उपटून टाकण्याचा हुकूम काढला होता. त्याचा राग अगदीच अनाठायी नसावा, कारण बर्गंडीतल्या चुनखडीच्या जमिनीत गामे पिनो न्वारची बरोबरी करू शकत नाही. पण बोजोलेच्या उत्तर भागातील ग्रॅनाइटच्या भुसभुशीत जमिनीत त्याच द्राक्षाला जी खुमारी येते, ती अन्यत्र क्वचितच सापडते.

या वाइनचा तुरटपणा कमी का, हे तिच्या कृतीवरून समजते. द्राक्षे न चिरडता अख्खे घड टाकीत भरतात. वरच्या भाराने तळाची द्राक्षे फुटून रस आंबू लागतो, त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड टाकीत भरतो आणि वरच्या अखंड द्राक्षांच्या आतच किण्वन सुरू होते. त्यामुळे रंग आणि फळांचा सुवास भरपूर उतरतो, पण साल आणि बिया यांतला तुरटपणा बेताचाच येतो.

बाटली निवडताना नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी बाजारात येणारी ‘नूव्हो’ प्रथम बाजूला ठेवावी. ती काही आठवड्यांतच तयार होते, तिला अनेकदा पिकल्या केळ्याचा वास येतो आणि ती लगेच संपवण्यासाठीच असते. खरी गोडी उत्तरेकडील दहा ‘क्रू’मध्ये, म्हणजे ठरावीक गावाच्या किंवा भागाच्या नावाने विकल्या जाणाऱ्या वरच्या दर्जाच्या वाइनमध्ये, आहे; त्यांच्या लेबलवर पुष्कळदा बोजोले हा शब्दही नसतो, म्हणून नावे माहीत असावीत. सुरुवात फ्लरीपासून करावी, कारण ती नाजूक आणि फुलांच्या वासाची असते. मोर्गाँ अधिक भरीव असते, तर मुलँ-आ-व्हाँ सर्वांत दणकट, चांगल्या सालची असेल तर दहा वर्षेही टिकणारी. ब्रुई, शिरुब्ल आणि रेन्ये त्या मानाने हलक्या.

लाल वाइन घराच्या तापमानाला प्यावी, हा सल्ला युरोपातील गार घरांसाठी होता. नागपूरच्या किंवा पुण्याच्या उन्हाळ्यात तो पाळला, तर केवळ अल्कोहोलचाच वास नाकात शिरतो. बर्फ आणि पाणी भरलेल्या पातेल्यात बाटली गळ्यापर्यंत बुडवून पंधरा-वीस मिनिटे ठेवावी, म्हणजे ती साधारण १३ ते १४ अंशांवर येते. पेला एक तृतीयांशच भरावा, पांढऱ्या कागदावर तिरका धरून कडेची जांभळट झाक पाहावी, हलकेच फिरवून वास घ्यावा. पहिल्यांदा रासबेरी आणि लाल चेरी जाणवते; मला तर चांगल्या फ्लरीत पिकलेल्या करवंदाची आठवण येते. घोट गिळण्याआधी जिभेवर फिरवावा. जांभूळ खाल्ल्यावर तोंड जसे आवळते, तसे येथे होत नाही. उलट आंबटपणामुळे लाळ सुटते, आणि म्हणूनच ही वाइन भाजलेली कोंबडी, मशरूम किंवा बेताच्या मसाल्याच्या मटणाबरोबर छान लागते. झणझणीत रश्श्यापुढे मात्र तिचा सुवास पार दबून जातो.

उरलेल्या बाटलीला बूच लावून ती फ्रिजमध्ये उभी ठेवावी आणि दोन-तीन दिवसांत संपवावी. दुसऱ्या दिवशी मोर्गाँ बहुधा आणखी खुललेली असते.