घोड्यांच्या शर्यतीचे पॅनिंग : या चुका टाळा

महालक्ष्मी रेसकोर्सवर पहिल्यांदाच कॅमेरा घेऊन गेलेला माणूस बहुधा १/१००० सेकंद या शटर स्पीडवर छायाचित्रे काढतो आणि घरी येऊन पाहतो, तर घोडा, जॉकी, मागचा कठडा आणि स्टँडमधली गर्दी असे सगळेच लख्ख आलेले असते. मात्र घोडा धावतो आहे की दिवाळीच्या किल्ल्यावर मांडून ठेवला आहे, हे काही कळत नाही. त्यावर उपाय म्हणजे पॅनिंग : शटर जरा जास्त वेळ उघडे ठेवून घोड्याबरोबर कॅमेरा फिरवायचा, म्हणजे घोडा स्पष्ट येतो आणि पार्श्वभूमी आडव्या पट्ट्यांत ओढली जाते. ताशी ६० किलोमीटर वेगाने धावणारा घोडा १/१००० सेकंदात जेमतेम पावणेदोन सेंटिमीटर पुढे सरकतो, तर १/६० सेकंदात सुमारे २८ सेंटिमीटर. घोड्याच्या आकाराशी ताडून पाहिल्यास पार्श्वभूमीवरचे पट्टेही तेवढेच लांब उमटतात आणि केवळ मोठी लेन्स लावल्याने हे प्रमाण बदलत नाही. म्हणून १/१२५ ने सुरुवात करावी, हात बसला की १/६० वर यावे आणि १/३० चा मोह काही दिवस आवरावा.

फसलेले छायाचित्र न तपासता तिथल्या तिथे पुसून टाकणे ही माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक आहे, कारण आपले काय चुकले ते त्या धूसरपणातच दिसते. जॉकीच्या टोपीच्या कडा आडव्या दिशेने दुहेरी दिसत असतील, तर कॅमेरा घोड्याच्या मागे पडला होता किंवा पुढे गेला होता. कडा उभ्या दिशेने फाटल्या असतील, तर बटण दाबताना हाताला झटका बसला आहे. पट्टे तिरपे आले असतील, तर कॅमेरा आडव्या रेषेत फिरलाच नाही. घोड्याचे पाय धूसर आले, तर मात्र हळहळू नये. जमिनीला टेकलेला खूर त्या क्षणी स्थिर असतो, त्यामुळे तो पार्श्वभूमीबरोबरच ओढला जातो. पुढे झेपावणारा पाय तर धडापेक्षाही वेगाने जात असतो. पाय आणि पार्श्वभूमी दोन्ही स्पष्ट हवे असतील, तर पॅनिंगचा नाद सोडून १/१००० कडेच परत जावे लागेल.

फोकस घोड्याच्या डोळ्यावर धरण्याची सवय इतरत्र चांगली असली, तरी इथे ती नडते. भरधाव घोड्याची मान प्रत्येक झेपेला खालीवर होते, तर रिकिबीत उभा राहिलेला जॉकी गुडघ्यांनी ते हेलकावे झेलत असल्याने त्याचा वरचा भाग बऱ्यापैकी सरळ रेषेत पुढे जातो. सलग फोकसचा (हलत्या विषयावर फोकस धरून ठेवणारा) मोड निवडून फोकस बिंदूंचा छोटा समूह जॉकीच्या खांद्यावर ठेवावा.

प्रकाशाचा घोळ महालक्ष्मीला अधिक होतो. इंडियन डर्बी ही तिथली मोठी शर्यत फेब्रुवारीत असते. त्या दुपारच्या कडक उन्हात आयएसओ (सेन्सरची प्रकाश टिपण्याची क्षमता) १०० ठेवूनही १/६० साठी अॅपर्चर, म्हणजे लेन्सचे छिद्र, एफ/१६ च्या पलीकडे बंद करावे लागते आणि मग चित्राची धार कमी होते, शिवाय सेन्सरवरचा प्रत्येक धुळीचा कण दिसू लागतो. तीन स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे प्रकाश एक अष्टमांशावर आणणारी गडद काच, लावणे हा यावरचा सरळ उपाय आहे. पुण्याच्या पावसाळी हंगामात ढगाळ आकाशाखाली याची गरज क्वचितच पडते. ऑटो आयएसओची किमान मर्यादा चुकून ४०० वर राहिली नाही ना, हेही पाहून घ्यावे.

पाय घोड्याच्या येण्याच्या दिशेला रोवले, तर ऐन क्षणी कंबर पिळवटते आणि कॅमेरा अडखळतो. जिथे क्लिक करायचे आहे त्या जागेकडे पाय रोवून, कंबरेतून मागे वळून घोड्याला लवकर पकडावे आणि क्लिक झाल्यावरही कॅमेरा फिरवत राहावे. स्टॅबिलायझरला (हाताचा कंप सावरणाऱ्या यंत्रणेला) पॅनिंगचा वेगळा मोड असल्यास तो निवडावा, अन्यथा काही लेन्स आपल्याच हालचालीला विरोध करतात. कठड्याचे खांब तिरके दिसू लागले, तर इलेक्ट्रॉनिक शटर बंद करून यांत्रिक शटर वापरावे. फ्लॅश मात्र अजिबात नको. घोडा बिथरला, तर जॉकीच्या जिवावर बेतते.

पार्श्वभूमीकडे बहुतेकांचे लक्षच नसते. कोऱ्या आकाशावर पट्टे उमटत नाहीत, त्यामुळे रंगीबेरंगी गर्दी किंवा झाडी मागे येईल अशी जागा शोधावी. शर्यतीत घोडे समोरून काही सेकंदांत निघून जातात. सरावासाठी त्याआधीची वेळ बरी, कारण सुरुवातीच्या गेटकडे जाताना ते बहुधा संथ दौडीने जातात आणि तो वेग निम्मा असेल, तर १/३० वर तेवढेच लांब पट्टे मिळतात.