न्यूटनची वलयं आणि ग्रेटिंग: प्रयोगात या चुका टाळा

सपाट काचेवर बहिर्गोल भिंग ठेवलं की मधल्या हवेच्या थरामुळे काळी-उजळ वलयं दिसतात; ही न्यूटनची वलयं, आणि त्यांच्या व्यासांवरून प्रकाशाची तरंगलांबी काढायची असते. सोडियमच्या पिवळ्या प्रकाशाची सरासरी तरंगलांबी 589.3 नॅनोमीटर. तुमचं उत्तर 565 किंवा 612 आलं, की पहिला संशय वलयांवर जातो आणि सगळी वाचनं पुन्हा सुरू होतात. त्याआधी भिंगाची वक्रता मोजणाऱ्या स्फेरोमीटरकडे बघा.

समजा, भिंगाची वक्रता त्रिज्या 100 सेंटीमीटर आहे आणि स्फेरोमीटरच्या पायांमधलं अंतर 4 सेंटीमीटर. मग मोजायची उंची भरते जेमतेम 0.0267 सेंटीमीटर, आणि उपकरणाचं लघुत्तम माप असतं 0.001 सेंटीमीटर. एका भागाची चूक झाली तरी त्रिज्या जवळपास 4 टक्क्यांनी हलते, म्हणजे तरंगलांबीत 22 नॅनोमीटरचा फरक! वलयांना तासभर आणि स्फेरोमीटरला दोन मिनिटं, ही वाटणी चुकीची आहे. सपाट काचेवरचं शून्य वाचन आणि भिंगावरचं वाचन, दोन्ही पाच-सहा वेळा घ्या.

आता वलयं. परावर्तित प्रकाशात मधला ठिपका काळा दिसायला हवा, कारण स्पर्शबिंदूपाशी हवेच्या थराची जाडी शून्य असते आणि खालच्या काचेवरून परतणाऱ्या तरंगाची कला (फेज) π ने बदलते. ठिपका उजळ दिसला तर बहुधा मध्ये धूळ आहे. काचा पुसून घ्या. पण वाचनं आधीच झाली असतील तर ती फेकू नका. धुळीमुळे थराची जाडी सगळीकडे सारखीच वाढते, त्यामुळे प्रत्येक व्यासाच्या वर्गातून तीच रक्कम वजा होते आणि दोन वर्गांच्या फरकात ती उरत नाही. वलयाचा क्रमांक एकाने चुकला तरी हेच, फक्त पुढची मोजणी सलग हवी. म्हणूनच व्यासाचा वर्ग आणि क्रमांक यांचा आलेख काढताना रेषा आरंभबिंदूतून ओढूनताणून नेऊ नका. आपल्याला हवा आहे तो चढ, आणि तो 4λR इतका असतो (λ म्हणजे तरंगलांबी, R म्हणजे भिंगाची वक्रता त्रिज्या).

मला या प्रयोगातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते ती अशी: क्रॉसवायर (सूक्ष्मदर्शकातली वाचनाची उभी-आडवी तार) केंद्रातून न जाता थोडी बाजूने गेली, तर आपण व्यासाऐवजी जीवा मोजतो. तरीही सगळ्या जीवा एकाच रेषेवर असल्या तर उत्तर बिघडत नाही, कारण तिथेही वर्गांमधला फरक स्थिर असतो.

बॅकलॅशला मात्र ही सवलत नाही. सूक्ष्मदर्शक सरकवणाऱ्या स्क्रूच्या या ढिलाईमुळे प्रत्येक व्यासात 0.005 सेंटीमीटरची भर पडली, तर वर्गातली चूक व्यासाबरोबर वाढत जाते. वजाबाकी करूनही ती जात नाही. वरच्या भिंगासाठी 10 आणि 20 क्रमांकाची वलयं घेतली तर चूक सुमारे 0.9 टक्के भरते. विसाव्या वलयाच्या दोन-तीन वलयं पलीकडे जा, तिथून परत फिरा आणि डावीकडून उजवीकडे एकाच दिशेने वाचत या. एखादं वलय हुकलं तर स्क्रू उलटा फिरवू नका. ते वाचन सोडून द्या.

ग्रेटिंग, म्हणजे अगदी जवळजवळ समांतर रेषा असलेली पट्टी, प्रकाश ज्या कोनात वळवते तो स्पेक्ट्रोमीटरवर मोजतात. तिथे चुका वेगळ्या होतात. मुख्य मापपट्टीवरचा अर्धा अंश पाहायचा राहून जातो. इंचाला 15,000 रेषांची ग्रेटिंग असेल तर पहिल्या क्रमात (मधल्या सरळ प्रतिमेच्या लगेच दोन्ही बाजूंना) दिसणाऱ्या पिवळ्या रेषांमधला कोन 40°44′ येतो. त्यात 30′ ची चूक म्हणजे तरंगलांबीत सुमारे 7 नॅनोमीटर. शून्य ओलांडतानाही घोळ होतो: 350°10′ आणि 30°54′ यांतला फरक 319°16′ नव्हे, 40°44′. एकाच बाजूचं वाचन घेऊन थांबू नका. ग्रेटिंग किंचित तिरकी असली तर दोन्ही बाजूंच्या सरासरीत ती चूक जवळजवळ नाहीशी होते.

सोडियमच्या दोन रेषा वेगळ्या दिसत नसतील तर आयपीसशी झगडू नका. त्या वेगळ्या दिसायला पहिल्या क्रमात ग्रेटिंगच्या साधारण 1,000 रेषा प्रकाशित असल्या तरी पुरतात, आणि अशा ग्रेटिंगचा 2 मिलिमीटर भागही तेवढ्या देतो. अडतं ते स्लिटपाशी, म्हणजे प्रकाश आत येतो त्या फटीपाशी. सोडियमच्या त्या दोन रेषांमधला कोन जेमतेम 1.3′ असतो, स्लिट त्याहून रुंद दिसत असेल तर दोन्ही प्रतिमा एकमेकींवर चढतात. टेलिस्कोपमध्ये बघत बघत स्लिट हळूहळू अरुंद करा, पिवळी पट्टी फाटून दोन बारीक रेषा होईपर्यंत.