दगडातलं झाड ओळखायचं असेल तर

पुरावनस्पतिशास्त्रात, म्हणजे दगड झालेल्या जुन्या झाडांच्या अभ्यासात, यायचं असेल तर आधी जिवंत झाडं शिका, हे मी नव्या मुलांना जीव तोडून सांगतो. जीवाश्म लाकडाचा तुकडा करवतीने कापायचा, काचेवर चिकटवायचा आणि प्रकाश आरपार जाईपर्यंत कार्बोरंडमच्या भुकटीने घासत बसायचं. मग सूक्ष्मदर्शकाखाली वाहिन्या दिसतात, पेशींच्या भिंती दिसतात. पण आजच्या साग-अंजनाचं लाकूड आतून कसं असतं, हे डोळ्यांत बसलेलं नसेल तर त्यातून काहीच उलगडत नाही. यावल-तोरणमाळची जंगलं जवळ असणं ही आपली मोठी शिदोरी आहे.

बी.एस्सी.ला वनस्पतिशास्त्र असलं तरी भूगर्भशास्त्र सोडू नका. आपल्या पायाखालचा काळा दगड सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात तळी साचली, झाडं वाढली. पुढच्या लाव्हाने ती झाकली आणि सिलिकाने त्यांचा दगड झाला. छिंदवाड्याजवळच्या मोहगाव कलानच्या अशा थरांत ताडकुळीचे जीवाश्म मिळतात. ताडांना कडाक्याची थंडी सोसत नाही, म्हणजे तेव्हाचा हिवाळा सौम्य होता. हवामान असंच कळतं: पानांच्या कडा सपाट की दातेरी, पर्णरंध्रं, म्हणजे पानावरची बारीक छिद्रं, दाट की विरळ, यावरून.

अलीकडचा काळ हवा असेल तर तापी-गिरणेचा गाळ आहे. चाळीसगावजवळच्या पाटण्याला अश्मयुगीन थरांत शहामृगाच्या अंड्याची कवचं निघाली. शहामृग म्हणजे मोकळा, कोरडा मुलूख. मात्र सतत ओल्या-सुक्या होणाऱ्या गाळात जुन्या झाडांची ओळख पटवणारे परागकण सहसा टिकत नाहीत. तिथे गवतातले सिलिकाचे कण, म्हणजे फायटोलिथ, कामी येतात. ही पद्धत लवकर शिकून घ्या.

एम.एस्सी.नंतर नेट परीक्षा द्या. लखनौची बीरबल साहनी संस्था 1946 पासून याच कामात आहे, पुण्यात आघारकर संस्था आहे.

“दगड फोडीसन पोट भरी का?” हा प्रश्न घरून येणारच, आणि तो रास्त आहे. निव्वळ संशोधनाच्या जागा थोड्या आहेत. पण तेलशोधात थरांचं वय परागकणांवरून ठरवतात, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातही वाट आहे. त्या परीक्षांना भूगर्भशास्त्राची पदव्युत्तर पदवी लागते, म्हणून एम.एस्सी.चा विषय निवडण्याआधीच पात्रतेचे नियम घरच्यांसोबत बसून वाचा.